रेडिएटरांतील जुनें पाणी न सांडतां कसें काढावें

यंत्राची निगा राखणें म्हणजे दोन कामें करणें होय. यंत्रास जें हवें तें वेळेवर द्यावें हें एक, आणि त्यांतील जें निकामी झालें तें वेळेवर काढून घ्यावें हें दुसरें. पहिलें काम बहुतेक मंडळी हौसेनें करितात. तेल घालणें, चाकांत हवा भरणें, पाण्याची पातळी पाहणें यांत कोणी सहसा हयगय करीत नाहीं. परंतु निकामी वस्तु काढून घेण्याची पाळी आली म्हणजे हौस मावळते आणि हात घाईनें चालूं लागतो. जुन्या मोटारीच्या रेडिएटरांतील पाणी काढणें हें याच दुसऱ्या जातीचें काम आहे. खालची तोटी सोडली, पाणी मातींत जिरलें, झालें काम, अशी पुष्कळांची समजूत असते. तें पाणी मातींत कां जाऊं देऊं नये, आणि एक थेंबही न सांडतां तें कसें काढतां येतें, हें सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यांत, समुद्रपूर तालुक्यांत, जाम हें गांव आहे. नागपुराहून हिंगणघाटाकडे व पुढें हैदराबादेकडे जाणारा राजमार्ग या गांवावरून जातो, आणि वरोड्यावरून चंद्रपुरास जाणारा रस्ता येथेंच फुटतो. पूर्वीं हा राजमार्ग 7 क्रमांकाचा असून तो वाराणशीपासून कन्याकुमारीपर्यंत जात असे. 2010 सालीं देशांतील राजमार्गांस नवे क्रमांक देण्यांत आले, तेव्हांपासून तो श्रीनगर ते कन्याकुमारी या 44 क्रमांकाच्या मार्गाचा भाग झाला आहे. अशा फांट्यावर वाहनें थांबावयाचींच. वैशाखांत या बाजूस पारा 45 अंशांच्याही वर चढतो. ओझें घेऊन दुरून आलेली जुनी गाडी अशा उन्हांत तापते, वाफ सोडूं लागते, आणि चालक ती रस्त्याच्या कडेस घेऊन पाणी बदलावयास बसतो. त्याच कडेस, त्याच उन्हांत, तहानेलेलें गुरूं किंवा कुत्रें सावली शोधीत फिरत असतें, आणि जेथें ओल दिसेल तेथें तोंड घालतें. या दोन गोष्टींची गांठ पडली म्हणजे काय होतें, तें समजण्यासाठीं प्रथम रेडिएटराचें काम समजून घेतलें पाहिजे.

इंजिनांत जाळलेल्या इंधनाची सगळी उष्णता चाकें फिरविण्याच्या कामीं येत नाहीं. स्थूलमानानें तिचा एक तृतीयांश भाग उपयोगीं पडतो, सुमारें तितकाच धुरावाटे निघून जातो, आणि उरलेला इंजिनाच्या धातूंत शिरतो. ही उष्णता तेथून काढून नेली नाहीं, तर दट्ट्या नळकांड्यांत आवळून बसेल व इंजिन जागच्या जागीं अडकेल. म्हणून नळकांड्यांच्या भोंवतीं पोकळी ठेवून तींत पाणी खेळविलेलें असतें. तापलेलें पाणी वरच्या नळीनें रेडिएटरांत येतें, तेथील बारीक नळ्यांतून खालीं उतरतां उतरतां वाऱ्यानें निवतें, आणि खालच्या नळीनें पुनः इंजिनाकडे जातें. मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख यानें 1900 सालीं तयार झालेल्या मर्सिडीझ गाडींत बसविला, आणि मोटारीस पुरेशी थंडाई मिळूं लागली. 1908 सालीं निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांपैकीं बहुतेकींत पाण्यास पंपच नसे. उष्ण पाणी हलकें होऊन वर चढतें व निवलेलें जड होऊन खालीं उतरतें, एवढ्याच नियमावर त्यांचें काम चाले.

आपल्या देशांत जुनी गाडी म्हटली म्हणजे तीन नांवें सहज ओठांवर येतात. पहिली विलीज जीप. ती 1947 पासून महिंद्र कंपनीनें येथें जुळवून विकली. दुसरी अँबेसेडर, तिचें उत्पादन 2014 सालीं थांबलें. तिसरी पद्मिनी, सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईत घरोघरीं ठाऊक झाली, व 2023 सालच्या ऑक्टोबरांत तेथील रस्त्यांवरून निवृत्त झाली. अशा गाड्यांचे रेडिएटर तांब्यापितळेचे असून त्यांचे सांधे शिसें व कथील यांच्या मिश्रणानें झाळलेले असतात. हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो दोनदां उपयोगीं पडेल.

उष्णता वाहून नेण्याच्या कामीं पाण्याच्या तोडीचा द्रव क्वचितच सांपडतो. परंतु पाणी लोखंडास गंज चढवितें, आणि 100 अंशांस उकळतें. त्यांतून विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी जड असेल, तर पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशीं जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटराच्या बारीक नळ्यांतही धरतो. हे दोष आवरण्याकरितां पाण्यांत इथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव व कांहीं गंजरोधक द्रव्यें मिसळतात. या मिश्रणासच बाजारांत कूलंट म्हणतात. शार्ल आदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें ग्लायकॉल 1856 सालीं प्रथम तयार केलें. तें सुमारें 197 अंशांस उकळतें. तें व पाणी समभाग घेतले असतां मिश्रण 107 अंशांच्या सुमारास उकळतें, आणि शून्याखालीं सुमारें 37 अंशांपर्यंत गोठत नाहीं. आपल्याकडे गोठण्याचें भय नाहीं. येथें महत्त्व आहे तें उशिरां उकळण्यास आणि गंज थोपविण्यास. पण गंजरोधक द्रव्यें कालांतरानें खर्चीं पडतात, मिश्रण आम्लधर्मी होतें, व ज्या धातूचें रक्षण करावयाचें त्यासच खाऊं लागतें. म्हणून जुन्या पद्धतीचें हिरवें कूलंट साधारणतः दोन वर्षांनीं बदलावें लागतें.

आतां मुख्य गोष्ट. इथिलीन ग्लायकॉल हें विष आहे, आणि दुर्दैवानें तें चवीस गोडसर आहे. पोटांत गेल्यावर यकृत त्याचें रूपांतर निरनिराळ्या आम्लांत करितें. त्यांपैकीं ऑक्झॅलिक आम्ल रक्तांतील कॅल्शियमशीं मिळून स्फटिक बनवितें, आणि ते स्फटिक मूत्रपिंडांत रुतून बसतात. तीन किलो वजनाच्या मांजरास चहाचा एक चमचा निर्भेळ ग्लायकॉल प्राणघातक होऊं शकतें. कुत्र्यास देहाच्या दर किलोमागें सुमारें 4 ते 7 मिलिलिटर पुरतें. आरंभीं जनावर मद्य प्याल्याप्रमाणें झोकांड्या खातें, मग कांहीं काळ बरें झाल्यासारखें दिसतें, आणि एकदोन दिवसांत त्याचीं मूत्रपिंडें बंद पडतात. मधल्या त्या बरेपणास भुलून उपचार लांबला तर प्राणी हातचा जातो. माणसाच्या बाबतींतही क्रम बहुतांशीं हाच आहे. म्हणून कोणाच्याही पोटांत हें गेल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें व काय पोटांत गेलें तें स्पष्ट सांगावें. जनावरास पशुवैद्याकडे तितक्याच त्वरेनें न्यावें.

याच कुळांतील डायइथिलीन ग्लायकॉल या द्रवानें महाराष्ट्रास एकदां कठोर धडा दिला आहे. 1986 सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनांत हा द्रव मिसळलेला निघाला, आणि 14 रुग्ण दगावले. चौकशीसाठीं न्यायमूर्ति लेंटिन यांचा आयोग नेमण्यांत आला. त्यापूर्वीं 1937 सालीं अमेरिकेंत याच द्रवांत कालविलेल्या औषधानें शंभराहून अधिक माणसें मेलीं, व पुढच्याच वर्षीं तेथें औषधांविषयीं कडक कायदा झाला. तीं प्रकरणें औषधांचीं होतीं, मोटारीचीं नव्हेत. तथापि या कुळांतील विषांचा स्वभाव त्यांवरून कळतो: तीं चवीस गोड असतात, आणि चांगलें कोणतें व घातक कोणतें हें डोळ्यांस ओळखूं येत नाहीं. रस्त्याच्या कडेस सांचलेलें हिरवट डबकें म्हणूनच नुसती घाण नव्हे. तो मुक्या जनावरापुढें मांडलेला विषाचा पेला आहे.

आतां कृतीकडे वळूं. पहिला नियम असा कीं, इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज कशासही हात लावूं नये. रेडिएटराचें झांकण आंतील पाणी दाबाखालीं ठेवतें. जुन्या गाड्यांत हा दाब दर चौरस इंचास 4 पासून 15 पौंडांपर्यंत असतो. दर पौंडामागें पाण्याचा उत्कलनबिंदु सुमारें दीड अंशानें वर जातो. त्यामुळें आंतील पाणी 100 अंशांहून अधिक तापलेलें असूनही उकळत नाहीं. अशा वेळीं झांकण काढलें, तर दाब एकदम नाहींसा होऊन तें पाणी क्षणांत उकळतें आणि तोंडावर उसळतें. गॅरेजांत हाताखालीं काम करणाऱ्या पोरांचे हात व चेहरे भाजतात ते पुष्कळदां असेच. उन्हाळ्यांत इंजिन निवण्यास कांहीं तास लागतात. शक्य तर तें रात्रभर उभें ठेवून काम सकाळीं करावें. रेडिएटराच्या वरच्या भागास हात लावला असतां तो अंगाइतकाही ऊन लागूं नये, ही खूण समजावी.

गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा व चाकांस दगड किंवा लाकडी ठोकळे लावावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही शिरूं नये. विजेवर चालणारा पंखा मागाहून बसविलेला असेल तर बॅटरीची एक तार सोडून ठेवावी, कारण असा पंखा इंजिन बंद असतांही फिरूं लागण्याचा संभव असतो. पाणी धरण्याचें भांडें किती मोठें असावें तें गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावें. विलीज जीपेंत सुमारें 10 लिटर पाणी मावतें. तिच्यासाठीं 15 लिटरांचा डबा घ्यावा, म्हणजे तो काठोकाठ भरून उचलतांना हिंदकळणार नाहीं. हातांत रबरी मोजे घालावे. मुलें व जनावरें दूर ठेवावीं, आणि काम पुरें होईपर्यंत तो डबा सोडून कोठेंही जाऊं नये.

रेडिएटराच्या तळाशीं बहुधा एक लहान पितळी तोटी असते. ती तशीच सोडली तर पाणी आडव्या पट्टीवर आपटून चहूंकडे उडतें, आणि वारा असेल तर धार भलतीकडेच जाते. याकरितां तोटी उघडण्यापूर्वींच तिच्या तोंडावर घट्ट बसेल अशी दोन हात लांबीची रबरी नळी चढवावी, आणि नळीचें दुसरें टोंक डब्याच्या आंत खोलवर सोडावें. नळीस कोठेंही वर उचललेला बांक नसावा. तोटीस नळी चढण्याजोगें तोंड नसेल, तर प्लास्टिकची बाटली उभी चिरून तिची पन्हळ करावी व ती तोटीखालीं बांधून डब्यापर्यंत उतरती ठेवावी. एवढ्या साध्या तयारीनें निम्मी सांडलवंड टळते.

उरलेली निम्मी टाळण्याची युक्ति वरच्या झांकणांत आहे. पाण्यांत बुडविलेल्या कांचनळीचें वरचें टोंक बोटानें दाबून ती उचलली, तर पाणी आंतच राहतें, आणि बोट काढतांच तें पडतें, हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं शाळेंत केलेला असेल. हवा आंत शिरल्यावांचून पाणी बाहेर येत नाहीं, हें त्याचें कारण. रेडिएटरासही हाच नियम लागू आहे. दाबाचें झांकण लावलेलें ठेवून तोटी सोडली, तर धार अगदीं मंद येते. नळी नीट बसली आहे, डबा जागेवर आहे, कोठें गळत नाहीं, एवढें त्या मंद धारेवर पाहून घ्यावें. मग झांकण थोडेंथोडें सैल करावें, म्हणजे धार वाढते. अडचण वाटली तर तें पुनः आवळावें. अशा रीतीनें वरचें झांकण हा त्या धारेचा लगाम होतो. फार जुन्या गाड्यांतील साध्या झांकणानें मात्र हें साधत नाहीं, कारण तेथें हवा उघड्या नळीवाटे सदैव आंत येत असते. त्या गाड्यांत तोटीच सावकाश सोडावी.

जुन्या गाडीची तोटी पुष्कळदां जाम झालेली असते. तिच्यावर बळ चालवूं नये. ती ज्या पत्र्यास झाळलेली आहे तो पातळ असतो, आणि तोटीबरोबर तोही पिळला जाऊन रेडिएटर कायमचा गळूं लागतो. थोडें गंज सोडविणारें तेल सोडून कांहीं तास थांबावें, आणि फिरवितांना एका पान्ह्यानें तोटीचें अंग धरून दुसऱ्यानें तिची किल्ली फिरवावी. तरीही ती न हलली, तर खालची मोठी नळी काढण्यावांचून गत्यंतर नाहीं. त्या नळीचें तोंड रुंद असल्यानें पाणी लोटासारखें येतें; म्हणून तिच्याखालीं डब्याऐवजीं रुंद घमेलें ठेवावें, आणि तेंही न पुरलें तर दुसरें हाताशीं असावें. क्लिप सैल करून नळी दोन्ही हातांनीं हलकेंच पिळावी. चिकटलेला सांधा सुटला म्हणजे तिची फक्त खालची कड थोडी दूर करावी. पेचकस खुपसून नळी उचकटूं नये, कारण आंतील पितळी तोंड वांकतें. रबर अगदीं कडक झालें असेल तर नळी लांबट चिरून काढावी व नवी घालावी. नळीची किंमत रेडिएटराच्या मानानें अल्प आहे.

तोटींतून धार थांबली म्हणजे सगळें पाणी निघालें असें समजूं नये. इंजिनाच्या पोकळींत बराच सांठा राहतो. त्यासाठीं इंजिनाच्या अंगास बहुधा दुसरी तोटी किंवा पेच असतो. तो गाळानें बुजलेला असेल तर बारीक तारेनें मोकळा करावा. मात्र डबा आधीं लावून ठेवावा, कारण गाळ सुटतांच पाणी जोरानें येतें. सगळें निघालें कीं नाहीं, याची खात्री मोजमापानें करावी. पुस्तिकेंत 10 लिटर म्हटलें आहे आणि डब्यांत 6 भरलें, तर उरलेलें 4 लिटर अजून आंतच आहे. त्यानंतर स्वच्छ पाण्यानें रेडिएटर धुतला, तर तें धुवणही त्याच काळजीनें डब्यांत धरावें. तें पातळ झालेलें असलें तरी विषच आहे.

इतकें करूनही चार थेंब सांडले, तर त्यांवर लांकडाचा भुसा, राख किंवा कोरडी वाळू टाकावी, ओल शोषली गेल्यावर तें सगळें खरडून पिशवींत बांधावें, आणि जागा साबणाच्या पाण्यानें पुसून घ्यावी. धान्याचा कोंडा किंवा सरकीची ढेप या कामीं चुकूनही वापरूं नये. गुरें ती मोठ्या आवडीनें खातात, आणि विष त्यांच्या पोटांत पोंचविल्यासारखें होईल.

काढलेलें पाणी घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असें लिहावें व तारीख घालावी. पिण्याच्या पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलींत तें कधींही ठेवूं नये. तें इंजिनाच्या जुन्या तेलांतही मिसळूं नये, कारण त्यामुळें तें तेल पुनः शुद्ध करण्यास निरुपयोगी होतें. असा टाकाऊ माल अधिकृत संग्राहकास देणाऱ्या मोठ्या कार्यशाळेकडे तो डबा पोंचवावा. ‘मातींत ओतलें तर काय बिघडलें, माती सगळें पचविते,’ असें कोणी म्हणेल. ग्लायकॉल जमिनींतील जंतु कालांतरानें मोडून टाकतात, हें खरें. पण तें ओढ्यांत गेलें तर तेंच जंतु पाण्यांतील प्राणवायु संपवितात व मासे गुदमरतात. शिवाय जुन्या रेडिएटरांतून आलेल्या पाण्यांत झाळणींतील शिसें आणि नळ्यांचें तांबें उतरलेलें असतें, आणि शिसें कोणताही जंतु पचवीत नाहीं. ज्या गाडींत कूलंट न घालतां नुसतें पाणीच वापरलें आहे, तिचें काढलेलें पाणीही म्हणूनच झाडांस घालूं नये.

शेवटीं तोटी बंद करून, नळ्यांच्या क्लिपा तपासून, थंड इंजिनांतच नवें मिश्रण भरावें. तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतलें तर ओतीव लोखंड तडकतें. मिश्रणासाठीं ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, आणि दोन निरनिराळ्या जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत.

विद्यार्थीमित्रहो, या सगळ्या खटाटोपास लागणारी सामग्री किती, तर दोन हात रबरी नळी, एक डबा, एक चिरलेली बाटली, व थोडा धीर. रस्त्याच्या कडेस गाडी सोडून निघून जाणारा प्रवासी घटकेंत दहा कोस दूर जातो. त्यानें मागें सांडलेलें पाणी तेथेंच राहतें, आणि त्या गांवच्या गुरांना व मुलांना त्याची झळ लागते. आपल्यापैकीं कांहीं जण पुढें मोटारी चालवितील, कांहीं त्या दुरुस्त करितील. काम संपवून उठतांना गाडीखालची जमीन कोरडी आहे ना, एवढें पाहण्याची संवय त्यांनीं आजच लावून घ्यावी.